चौथा साक्षीदार आणायला सांगणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. सरकारी खिडकीमागच्या माणसाचे नाव चारचौघांत बहुधा तक्रारीच्या निमित्तानेच घेतले जाते, आणि आपल्याला ते कोणत्याही निमित्ताने घेतलेले आवडणार नाही असा माझा अंदाज आहे. पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण उतारवयात नोंदणी पद्धतीने विवाह करू पाहणाऱ्या आणि कार्यालयाच्या पायरीवरूनच परत फिरणाऱ्या माणसांना आपण आमच्यासाठी काय केले हे कळावे अशी माझी इच्छा आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलै महिन्यात, आम्ही दोघे पहिल्यांदा पुण्यातील आपल्या कार्यालयात आलो तेव्हा मी ५८ वर्षांची होते आणि हे ६३ वर्षांचे. (तेव्हा ते अजून ‘हे’ झाले नव्हते, पण आता दुसरे काही लिहिता येत नाही.) बाहेर एका एजंटाने ‘दोन दिवसांत प्रमाणपत्र हातात’ असे सांगून आमच्याकडे बरीच मोठी रक्कम मागितली होती, आणि खरे सांगायचे तर रांगेतल्या तरुण जोडप्यांमध्ये उभे राहण्याचा संकोच टळावा म्हणून मी ती द्यायलाही तयार झाले होते. आपण आमच्याकडे न हसता, न दचकता पाहिलेत, कागद मागितलेत आणि इतकेच म्हणालात, ‘१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीचे तीस दिवस आहेत. ते कोणालाच कमी होत नाहीत, मग पैसे कशाचे देता?’

त्याच दिवशी माझ्या पहिल्या यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्यावर आपले बोट थांबले. त्यांच्या वडिलांचे नाव त्यात आलेच नव्हते, आणि माझ्या बाकीच्या सगळ्या कागदांवर ते होते. अकरा वर्षे तो दाखला मी बँकेत, विम्याच्या कार्यालयात, घराच्या कागदपत्रांसाठी दाखवत आले होते, पण हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. विवाहाच्या वेळी दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा ही कायद्याची पहिली अट असल्यामुळे, आमच्या बाबतीत तो दाखला हाच सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, आणि नोटीस लागल्यावर चूक निघाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, हे आपण समजावून दिलेत. ज्या नगरपालिकेने दाखला दिला तिथूनच दुरुस्ती करून आणा, असे सांगून आपण एका पाठकोऱ्या कागदावर सोबत न्यायच्या कागदांची नावे लिहून दिलीत. त्या कागदाच्या मागे कुठल्या तरी जुन्या बैठकीचे इतिवृत्त छापलेले आहे. तो अजून माझ्याकडे आहे.

नोटीस आम्ही १२ ऑगस्टला दिली. अर्ज भाचीने नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधीच भरून ठेवला होता. त्या दिवशी अंगारकी होती. दुपारी बायोमेट्रिक यंत्र माझ्या अंगठ्याचा ठसा काही केल्या घेईना. भांडी घासून घासून रेषा गेल्या असतील, असे मी म्हणाले, तेव्हा आपण डब्यातला राजगिऱ्याचा लाडू मोडून अर्धा माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, ‘हात जरा कोमट पाण्याने धुऊन या, होईल.’ झाले.

यांचा कायमचा पत्ता अकोल्याचा असल्याने नोटिशीची एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्यांकडेही गेली. फलकावर आमचे छायाचित्र लागणार याची मला जी धास्ती होती, ती पुण्यात खोटी ठरली आणि अकोल्यात खरी. यांच्या एका चुलत भावाने ती नोटीस वाचली आणि ‘या वयात हे शोभत नाही, मी हरकत घेणार’ असे फोनवर सुनावले. मी रडवेली होऊन आपल्याकडे आले. हरकत कोणीही घेऊ शकतो, पण ती कलम ४ मधल्या अटींवरच टिकते, असे सांगून आपण त्या अटी एकेक करून वाचून दाखवल्यात: हयात जोडीदार, मनाची अवस्था, वय आणि निषिद्ध नाते. वयाच्या ओळीपाशी आपण थांबलात. पुरुषाला २१ पूर्ण, स्त्रीला १८ पूर्ण. ‘यात वरची मर्यादा कुठे दिसते का बघा,’ असे आपण म्हणालात, आणि मला त्या महिन्यात पहिल्यांदा मोकळे हसू आले. हरकत शेवटपर्यंत आली नाही.

तीस दिवस संपले ते नेमके पितृपक्षात. कायद्याला पंचांग नसते हे मला कळत होते, पण माझ्या नणंदेला, म्हणजे पहिल्या घरच्या नणंदेला, जी या विवाहाच्या बाजूने सर्वांत ठामपणे उभी राहिली, तिला दुखवायचे नव्हते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती रद्द होते, म्हणून आपण कॅलेंडरवर पेन्सिलीने दोन्ही टोके आखून दाखवलीत आणि नवरात्रातली तिसरी माळ, २४ सप्टेंबर, सुचवलीत. वर बजावलेत, ‘कायद्याला साक्षीदार तीन लागतात. तुम्ही चार आणा.’

मला तो कारकुनी काटेकोरपणा वाटला होता. २४ तारखेला माझी मुलगी, जी तिसरी साक्षीदार होती, बोरघाटातल्या वाहतूक कोंडीत अडकली, आणि आमच्या सोसायटीतल्या शेजारीणबाई, ज्यांना मी केवळ आपल्या शब्दाखातर सोबत घेतले होते, त्यांनी प्रतिज्ञापत्रावर तिसरी सही केली. मुलगी पोहोचली तेव्हा पेढे वाटून झाले होते.

एक गोष्ट मात्र आपण पाहिलीत आणि त्यावर काहीच बोलला नाहीत, म्हणून ती मीच लिहिते. अधिकारी साहेबांसमोर एकमेकांना म्हणायचे वाक्य छापील कागदावरून वाचताना हे दोनदा अडखळले. तेव्हा आपण हळूच म्हणालात की, दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत म्हटले तरी कायद्याला चालते. साहेबांनी मान डोलावली. यांनी कागद खाली ठेवला आणि वऱ्हाडीत म्हणाले, ‘मी तुले माही कायदेशीर बायको म्हणून पत्करतो.’ पाच वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला ‘अहो’ सोडून काही म्हटले नव्हते. मी माझे वाक्य पुस्तकी मराठीतच म्हटले, कारण दुसरे काही सुचण्याच्या अवस्थेत मी नव्हते.

प्रमाणपत्र देताना आपण त्यावरची नावे आम्हा दोघांकडून अक्षर न् अक्षर वाचून घेतलीत आणि ‘लॅमिनेशन करू नका, पुढे कुठे शिक्का मारायचा झाला तर अडचण होते,’ असे बजावलेत. केलेले नाही. ते साध्या फोल्डरमध्ये, त्या पाठकोऱ्या कागदासोबत ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
अंगारकीला अर्धा लाडू खाल्लेली अर्जदार