सईचे रडणे

ठाणे (पश्चिम),
मंगळवार, रात्री

प्रिय मंजिरी,

सप्रेम नमस्कार. सात महिन्यांत माझे एकही पत्र नाही आणि फोन केला तोही दर वेळी तूच. तेव्हा शिव्या आधी घालून घे आणि मग पुढे वाच. आम्ही सगळे बरे आहोत, माझी कंबर तेवढी दुखते.

शनिवारी वागळे इस्टेटमधल्या त्या गाळ्यात माझा परफॉर्मन्स झाला. वीस-बावीस माणसे आणि मधोमध स्टुलावर दुधाचा पंप लावून बसलेली मी. पंपाची घरघर माइकवर मोठी केली होती आणि थोड्या थोड्या वेळाने फोनमधून सईचे रडणे वाजत होते. तिसऱ्यांदा वाजले आणि पान्हा फुटला. थेंबाथेंबाने भरणारी बाटली भरभर चढू लागली, दुसऱ्या बाजूने ब्लाउज भिजला. रडणे कानी पडले की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते आणि दुधाच्या ग्रंथी आवळल्या जातात, हे वाचून ठाऊक होते. पण लेक घरी आजीजवळ झोपलेली असताना मोबाइलसाठी पान्हा फुटावा, याचे नवल वाटावे की लाज, हे मला अजून ठरवता आलेले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक गृहस्थ म्हणाले, "टायमिंग अप्रतिम!" त्यांना काय सांगणार?

खरी बोच निराळीच आहे. ते रडणे मिळवण्यासाठी मी पाळण्याशेजारी फोन धरून दीड मिनिट उभी होते. सईने माझ्याकडे हात केले आणि मी आवाज स्वच्छ यावा म्हणून फोन आणखी खाली नेला. सासूबाई आल्या आणि एक शब्द न बोलता तिला उचलून घेऊन गेल्या. रेकॉर्डिंगच्या शेवटी त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. तेवढा भाग मी कापला.

मेरी केली या कलावंत बाईवरून होस्टेलच्या गच्चीवर झालेले भांडण तू विसरली नसशीलच. 1976 साली लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत तिने मुलाच्या लंगोटातली डागाळलेली अस्तरे, त्याने काय आणि किती खाल्ले याच्या नोंदींसह मांडली आणि तिथली वर्तमानपत्रे खवळली. आईचे काम कोणीतरी भिंतीवर टांगले, असे मी कठडा बडवून सांगत होते आणि तू शेंगा सोलता सोलता विचारलेस, "पण मुलाला विचारले का?" मी तुला मध्यमवर्गीय म्हटले; तू दोन दिवस अबोला धरलास, शिवाय माझ्या वाटणीच्या शेंगाही संपवल्यास. मंजिरी, केलीने निदान लंगोट बदलून झाल्यावर मागे राहिलेले डाग घेतले होते. मी उचलून घेण्याच्या आधी थांबले.

नाशिकची बदली झाली का? बाबांच्या मोतीबिंदूचेही कळव.

त्या दिवशीचे दूध बर्फाच्या डब्यातून घरी आणले, 110 मिलिलिटर भरले. फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, उद्या चौथा. सासूबाईंनी ती बाटली दोनदा हातात घेतली आणि दोनदा जागेवर ठेवली. सईला पाजू की ओतून टाकू? पत्र ईमेलने पाठवते आहे ते याचसाठी. सकाळी फोन कर.

तुझी,
वैदेही