बैठक सकाळी अकराला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या शिरोळ तालुक्यात सामाजिक संस्थांच्या गाड्या फिरू लागतात. माणसं तळमळीची असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण बैठक ठेवतात सकाळी अकराला. त्या वेळी बायका शेतात भांगलणीला, म्हणजे तण काढायला, गेलेल्या. मग देवळात बसलेल्या चार म्हाताऱ्यांच्या सह्या होतात आणि कागदावर 'लोकसहभाग' उमटतो.

२०१९ च्या महापुरानंतर गावात ट्रक भरून जुने कपडे आले. शाळेच्या व्हरांड्यात ढीग पडून कुजले, शेवटी आम्हीच ते उचलले. त्या आठवड्यात आम्हाला हवी होती वैरण, आणि घरातला गाळ काढायला खोरी नि पाट्या. म्हैस जगली तरच दहा दिवसांनी दुधाचं बिल हातात पडतं, हे इथल्या शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही.

बाहेरच्यांनी येऊच नये, असं मी म्हणत नाही. आमच्याच तालुक्यातलं हेरवाड बघा. विधवा प्रथा बंद करायचा विचार मांडला करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी, म्हणजे पार सोलापूर जिल्ह्यातून. पण मे २०२२ मध्ये ठराव केला तो हेरवाडच्या ग्रामसभेनं. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. तेही शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दी वर्षात. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. बाहेरून कुणी नुसता फलक लावून गेलं असतं तर बाई गेल्या-आल्याच्या नजरेला एकटीच तोंड देत बसली असती. ठरावामुळे निदान गावाचा शब्द तिच्या बाजूला आला. ठराव झाला म्हणजे सगळ्या घरांत सुधारणा झाली, असंही नाही. सासवांना वेळ लागतो.

संस्थांना आणि त्यांना निधी देणाऱ्या कंपन्यांना एवढंच सांगणं आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हा कायदाच आहे. आराखडा छापण्याआधी तो तिथं मांडा. एरवीची बैठक संध्याकाळी घ्या, डेअरीला दूध घालून झाल्यावर. किती पैसे, कशासाठी, हे पंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहा. आणि बायका 'हे नको' म्हणाल्या, तर तेही इतिवृत्तात येऊ द्या.

आपली,
बचत गटातील एक सदस्या,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर