काकू, तुमची गैरहजेरीची वही

प्रिय काकू,

प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या निरोपाच्या उपासनेत पाळकांनी मला दोन शब्द बोलायला पुढं बोलावलं, तेव्हा मी माइकपाशी उभा राहिलो आणि पहिल्याच अक्षरावर अडकलो. 'काकू' म्हणायचं होतं. का-का-का, बस. शेवटी शाल तुमच्या खांद्यावर टाकली आणि जागेवर येऊन बसलो. मागच्या बाकावरच्या एका पोरानं कावळ्याचा आवाज काढला. तो तुम्हालाही ऐकू गेला असणार, कारण तुम्ही तोंडाला पदर लावलात.

तर जे तोंडानं झालं नाही ते लिहून पाठवतोय. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली कितीतरी घरं या आभारात भागीदार आहेत. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, म्हणून भाचीला म्हणावं मोठ्यानं वाच, आणि गाळू नको.

1996चा नाताळ आठवतोय? मी बारा वर्षांचा होतो. बाबांची मिल बंद पडून काही वर्षं झाली होती आणि आई खानावळीला पोळ्या लाटून देत होती. शब्बाथशाळेच्या कार्यक्रमात मी देवदूत. पांढऱ्या चादरीचा झगा, पाठीला पुठ्ठ्याचे पंख, आणि तोंडी एकच वाक्य: "भिऊ नका." भ वर माझा श्वास थांबला तो थांबलाच. मेंढपाळ झालेली पोरं आधी घाबरल्यासारखं करत होती, मग खरोखर हसायला लागली. मी पंखांसकट घरी पळालो.

त्यानंतरचे तीन गुरुवार मी तुमच्या घरच्या प्रार्थनेला आलो नाही. चौथ्या गुरुवारी सकाळी तुम्ही दारात. एमवाय हॉस्पिटलमधली नर्सची रात्रपाळी करून तशाच आला होतात, पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट. आईनं पोहे पुढं केले ते तुम्ही उभ्यानंच खाल्लेत. आणि पिशवीतून ती वही काढलीत.

खजुरी बाजारातून आणलेली लाल बांधणीची, दुकानदार उधारी मांडतात तसली लांबट वही. मला वाटलं हजेरीची असेल. पण आलेल्या एकाचंही नाव तिच्यात नव्हतं. तारीख, जो आला नाही त्याचं नाव, आणि तिसऱ्या रकान्यात कारण. ओळीनं तीन गुरुवार माझं नाव, आणि कारणाचा रकाना कोरा. तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "ऐकीव कारण मी लिहीत नाही. तू लिही."

मी लिहिलं, 'मला बोलता येत नाही.'

"बोलता येत नाही" म्हणणाऱ्याला मोठी माणसं काय सांगतात ते मला तोंडपाठ होतं. खडीसाखर तोंडात धर, आरशासमोर वाच, देवावर विश्वास ठेव म्हणजे होईल नीट. तुम्ही यातलं काही बोलला नाहीत. बायबलमधल्या निर्गमचा चौथा अध्याय काढलात आणि मनातल्या मनात वाचायला लावलात. मोशे देवाला सांगतोय की मी जड जिभेचा माणूस, मला नको पाठवू. मी वाचून मान वर केली.

"देवानं त्याची जीभ दुरुस्त केली का?"

मी मान हलवली. नाही.

"मग काय केलं?"

अहरोन दिला. भाऊ सोबत दिला, बोलायला.

"चिडला पण," तुम्ही म्हणालात. "मोशेवर देव चिडला, तेही वाच. गाळायचं नाही."

त्या गुरुवारपासून वही माझ्याकडे आली. माझी जीभ आहे तशीच राहिली, आज एकेचाळिसाव्या वर्षीही आहे. पण आपल्याला जीभ दुरुस्त करायची नसून अहरोन शोधायचाय, हे बाराव्या वर्षी कळल्यामुळं माझं पुढचं बरंच आयुष्य सोपं झालं.

वहीचं काम सोपं नव्हतं. शनिवारी दुपारी तुमच्यामागं फिरायचं. एकदा मी विचारलं होतं की जे आले त्यांची नावं का नाहीत. तुम्ही वॉर्डातलं उत्तर दिलंत: भरलेल्या खाटेवरचा माणूस स्वतः कण्हतो, हाक मारतो. रिकाम्या खाटेबद्दल मात्र आपल्यालाच विचारावं लागतं, की इथला कुठं गेला. लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ नव्याण्णव सोडून एकामागं का गेला, यावर मी नंतर पुष्कळ उपदेश ऐकले. पण त्याला शंभर मोजता येत होते म्हणून तो जाऊ शकला, हे कुणी सांगितलं नाही. आधी मोजणी, मग शोध.

त्या फेऱ्यांमधलं एक घर मी विसरलो नाही. पाटणीपुऱ्याच्या बाजूला एक आजोबा राहायचे, बाबांसारखेच मिलमधले. दोन महिने त्यांचं नाव वहीत येत होतं. आपण गेलो तर म्हणाले, गुडघे दुखतात. तुम्ही गुडघे दाबून पाहिलेत, खाली बसवलंत, उठवलंत. मग गप्प बसून राहिलात. तुमचं ते गप्प बसणं मला फार उशिरा जमलं. पाचेक मिनिटांनी आजोबा म्हणाले, "थाळी पुढं येते ना बाई. हात खिशात जातो आणि तसाच बाहेर येतो. शेजारचा बघतो."

पुढच्या गुरुवारपासून अर्पणाची थाळी फिरणं बंद. दाराजवळ चपलांच्या वर एका खिळ्याला पार्लेच्या बिस्किटांचा जुना डबा टांगलात. ज्याला टाकायचं त्याने टाकावं, ज्याला लागेल त्याने काढावं, कुणी तिकडं बघायचं नाही. घोषणा केली नाहीत, कारणही सांगितलं नाहीत. आजोबा आले. कारणाच्या रकान्यात तुम्ही मला 'गुडघे' असंच लिहायला लावलंत. त्या वयात मला ते खोटं वाटलं होतं.

एकोणिसाव्या वर्षी मला तरुण संघाचा सेक्रेटरी केलं तेव्हा मी पुन्हा पळायला निघालो होतो. या वेळी तुम्ही बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक काढलंत. यरुशलेमेचा पडका कोट बांधायला आलेला माणूस आल्या आल्या सभा घेत नाही. तीन दिवस थांबतो, मग रात्री थोडी माणसं घेऊन निघतो आणि कोट कुठं कुठं पडलाय ते नुसतं बघून येतो. कुणाला काही बोलत नाही. "बघितलं? आधी बघणं आहे," तुम्ही म्हणालात. आणि मग तिसरा अध्याय, जो सगळे गाळतात, कारण त्यात नावंच नावं. कोणी कुठला दरवाजा बसवला, कोणी कोणाच्या शेजारी कोट दुरुस्त केला. सोनार आहेत, एक अत्तरवाला आहे, शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन भिंतीवर आलाय. तकोवाच्या बड्या लोकांनी मात्र खांदा दिला नाही, तेही लिहून ठेवलंय. तो अख्खा अध्याय तुम्ही माझ्याकडून वहीत उतरवून घेतलात. बावन्न दिवसांत कोट उभा राहिला, आणि नहेम्याचं स्वतःचं नाव त्या यादीत शोधून सापडत नाही. (एक नहेम्या आहे, पण तो दुसरा. मी आनंदानं दाखवायला आलो होतो आणि तुम्ही बापाचं नाव वाचायला लावलंत.)

तुमच्यात हे कुठून आलं ते एकदा रात्री दळण निवडताना तुम्ही सांगितलं होतं. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाई इकडं मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना बरोबर घेऊन गेल्या. तुमची आजी त्यातली एक, दहा वर्षांची. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, छापखान्यात लागली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवत होत्या, आणि ते छापण्याचं काम तिथल्या बायकामुलींच्या हातांनी होत होतं. तुम्ही म्हणालात, "आजीला वाचता यायच्या आधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवता येत होते. उलटी अक्षरं आधी ओळखीची झाली, सुलटी नंतर." आणि रमाबाई कशा होत्या विचारलं, तर आजीला एवढंच आठवायचं की बाईंना ऐकू कमी यायचं, तरी पंगतीत कोण जेवायला आलं नाही ते त्यांना कळायचं. ही तुमच्या घरातली आठवण, पुस्तकातली नव्हे. मला ती पुस्तकापेक्षा जास्त लागली.

आता माझी चूक. ती तुम्हाला अर्धीच माहीत आहे.

2016मध्ये पीथमपूरच्या कारखान्यात मी शिफ्ट इन्चार्ज झालो. गाड्यांच्या वायरिंगचं काम, लाइनवर अडतीस मुली, सकाळी सातची पाळी, त्यासाठी पावणेसहाची बस. आणि मी साहेब झालो. वही घरी कपाटावर गेली. कारखान्यात अंगठा लावायचं मशीन होतं, हजेरी आपोआप लागायची, मोजायचं कशाला?

त्याच काळात, 4 नोव्हेंबर 2017ला, तुम्ही मला सिस्टर राणी मारिया यांना 'धन्य' घोषित करण्याच्या सोहळ्याला ओढून नेलंत. आपण कॅथलिक नव्हे, पण तुम्ही म्हणालात की इंदूरच्या रस्त्यावर सांडलेलं रक्त आहे, जायला पाहिजे. उदयनगरकडच्या आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवायला उभी राहिलेली केरळची बाई. 25 फेब्रुवारी 1995ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये तिला भोसकून मारलं, आणि मारणाऱ्या समंदरसिंगला पुढं तिच्याच धाकट्या बहिणीनं तुरुंगात जाऊन राखी बांधली. केवढी गर्दी होती त्या दिवशी! पोपचे प्रतिनिधी, बिशप, झेंडे. आणि तुम्ही टाचा उंचावून काय बघत होतात? "समंदरसिंग आला असेल का रे?" मला तेव्हा हसू आलं होतं. हजारो लोक आलेत आणि या बाईंना एकाची पडलीये.

2018च्या जुलैत बाणगंगेकडची एक मुलगी सलग तीन दिवस आली नाही. न कळवता तीन दिवस म्हणजे ठेकेदार नाव कापतो. मी कागदावर सही केली. गुरुवारी तुमच्याकडे सहज बोलून गेलो, आजकाल मुलींना कामाची किंमतच नाही वगैरे. तुम्ही चहा गाळत होतात. गाळणी तशीच धरून विचारलंत, "कारण काय लिहिलंस?"

मशीनमध्ये कारणाचा रकानाच नाही, काकू.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर बाणगंगेला गेलो. रस्ता ड्रेनेजसाठी खणलेला. म्हणून बसचा थांबा दोन गल्ल्या पलीकडं गेला होता. निरोप व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला होता, मीच टाकला होता. तिच्याकडे बटणांचा फोन. ती तिन्ही दिवस पहाटे पावसात जुन्या थांब्यावर तासभर उभी राहिली, आणि रिक्षाला पैसे नाहीत म्हणून परत गेली. तिच्या आईनं मला बसायला खुर्ची दिली आणि माझीच माफी मागितली, की पोरगी आली नाही.

मी तिथं खूप वेळ बोलू शकलो नाही. या वेळी कारण जीभ नव्हती.

ठेकेदाराशी भांडून तिचं नाव परत घातलं. कपाटावरची वही पुसून खाली काढली आणि खजुरी बाजारातून आणखी दोन आणल्या. सकाळची पाच मिनिटांची मीटिंग तेव्हापासून मी घेत नाही. टार्गेट, काल किती माल परत आला, सुरक्षेची सूचना, हे सगळं तीच मुलगी वाचते, खणखणीत आवाजात. मी मागं उभा राहून मोजतो. वरच्या साहेबांना सुरुवातीला हे खटकलं, इन्चार्ज गप्प का उभा असतो म्हणून. आता विचारत नाहीत.

आभार मानतोय म्हणून तक्रार गाळायची नाही, हे तुम्हीच शिकवलंय. तर एक तक्रार. मोशे सकाळपासून रात्रीपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसायचा, तेव्हा त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, त्याला झापलं की तू थकशील आणि लोकही थकतील, दहा-दहांवर, पन्नास-पन्नासांवर माणसं नेम. हा धडा तुम्ही आम्हाला किमान चार वेळा शिकवलात. आणि स्वतः पंचाहत्तरीपर्यंत सतरंज्या स्वतःच झाडल्यात, किल्ल्या कमरेला. गेल्या वर्षी जिन्यात पडलात तेव्हा कुठं कळलं की मेणबत्त्या कुठं ठेवता हेसुद्धा आम्हाला माहीत नाही. जावयाचं ऐकलं नाही तरी चालतं, सासऱ्याचं ऐकायला हवं होतं. आणि एकोणतीस वर्षांत एकदा तरी "बरं केलंस" म्हणायला हरकत नव्हती.

आता बातमी. गुरुवारची प्रार्थना सध्या आमच्या घरी भरते. बिस्किटांचा डबा आणलाय, खिळा ठोकायचा राहिलाय. मागच्या आठवड्यात मला ताप आला, दोन दिवस कामावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला फोन. बाणगंगेची. मागं बसचा हॉर्न.

"सर, दो दिन से आपका नाम लिखा है वही में. कारण क्या लिखूँ?"

मला ब-ब-बुखार म्हणायला बराच वेळ लागला. ती थांबली होती.

तुमचा,
वहीवाला
परदेशीपुरा, इंदूर