सूचना : बोट चालवताना समोरचे दिसलेच पाहिजे

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतील पाचव्या नियमानुसार डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवणे बंधनकारक असून, सोबत कितीही माणसे असली तरी ही जबाबदारी चालकाला टाळता येत नाही. वेग घेताना बोटीचे पुढचे टोक वर उचलले जाते आणि तेवढा वेळ समोरचा पोहणारा किंवा लहान होडी त्याआड पूर्णपणे झाकली जाते. म्हणून मागे साचलेले सामान आधीच पुढे घ्यावे आणि चालकाला समोरचे दिसणार नाही असे कोणालाही पुढे बसू देऊ नये. (तिथे बसण्याची हौस सगळ्यांनाच असते, हे मान्य आहे.) पुढच्या काचेवर वाळलेले मिठाचे डाग सकाळी जाणवत नाहीत, परंतु मावळतीकडे बोट वळली की तीच काच पांढरीफटक होते, तेव्हा निघण्यापूर्वी ती गोड्या पाण्याने धुवावी.

सूर्यास्त ते सूर्योदय, तसेच धुक्यात, डावीकडचा लाल, उजवीकडचा हिरवा आणि मागचा पांढरा दिवा चालू ठेवावा. मोबाइल पाहायचा असल्यास सुकाणू दुसऱ्या जाणत्या माणसाकडे द्यावे.