बादलीभर पाणी

संज्या,

सहा महिने एक ओळ टाकली नाही, शिव्या दे, पण आधी वाच. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, आईचं मोतीबिंदू नीट झालं.

तुला काळू कुत्रा आठवतो ना? मला मंगळवारपासून दुसरं काही सुचत नाहीये. इथे अमेरिकेत, मेन राज्यात चिखलातल्या शिंपल्यांचं काम आलंय, मऊ कवचाच्या, आपल्या तिसऱ्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या. सुईने स्नायूतनं रक्त ओढायचं नि थेंब काचेवर ठेवायचा. निरोगी पेशी काचेला चिकटून पाय फुटल्यासारख्या पसरतात. मंगळवारी एकीचं रक्त ताकासारखं गढूळ आलं, खाली बघतो तर सगळ्या पेशी साबुदाण्यासारख्या गोल गोल, एक चिकटेल तर शपथ. ब्लड कॅन्सर. तोही स्वतःचा नाही, दुसरीकडून आलेला!

काळूची गाठ काळूची नाहीच, दुसऱ्या कुत्र्याच्या पेशी आहेत, असं तू मेसमधे सगळ्यांसमोर म्हणालास आणि मी चार दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. तूच बरोबर होतास, घे, लिहून देतो. कॅन्सरचं औषध व्हिनक्रिस्टीन टोचताना त्याने तुझाच हात चावला हा देवाचा न्याय, ते मात्र मागे घेणार नाही.

२०१५ ला मेट्झगर, गॉफ वगैरेंनी दाखवलं, न्यूयॉर्कपासून पार कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटापर्यंतच्या आजारी शिंपल्यांमधे कॅन्सरचा डीएनए त्या शिंपलीशी जुळत नाही, एकमेकींशी जुळतो. कधीतरी एकीला झाला, ती केव्हाच मेली, तिच्या पेशी अजून फिरतायत. २०२३ मधे त्या कॅन्सरचं वय काढलं तर किमान २०० वर्षं. कुत्र्यांना निदान संग लागतो रे, इथे समुद्राचं पाणी पुरतं. स्पेनला गॅलिसियात तर एका जातीचा कॅन्सर दुसऱ्याच जातीत मुक्काम करून बसलाय.

आता खरं सांगतो. त्या शिंपल्या दुसऱ्या खाडीतल्या होत्या. सोमवारी घाईत मी त्यांच्या बादलीतलं पाणी ब्लीच न घालता मागच्या मोरीत ओतलं, आणि ती मोरी आमच्या खाडीत जाते. थंड पाण्यात या पेशी आठवडेच्या आठवडे जगतात. बॉसला लगेच सांगितलं, तो म्हणाला एका बादलीने काय होतंय. पण सुरुवात एकाच शिंपलीपासून झालेली ना?

मोरीच्या तोंडाशी रोज ओहोटीला एक बाई वाकून दाताळ्याने शिंपल्या काढते, साठीची असेल, मला बघून हात करते. खायला धोका नाही, माणसाला हे होत नाही, आईलाही फोनवर तेच सांगितलं. पण शिंपल्याच मेल्या तर ती काय काढणार? काल मी तिला हात केलाच नाही, खाली मान घालून निघून आलो.

पोरीचं दहावीचं कळलं, भारीच, पेढे उधार. वहिनींची बदली रद्द झाली का?

पुढच्या उधाणाच्या ओहोटीला खाडीतल्या वीसेक शिंपल्या काढून तपासणार आहे. त्या बाईला आधीच सांगू, का रिपोर्ट आल्यावर? तू गोठ्यात उभं राहून लोकांना असलं सांगतोस, तुला जमतं. रविवारी फोन कर, तुझ्या सकाळी, मी जागाच असेन.

तुझा
बाळ्या