जर-तर आणि जरी-तरी

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम. सूनबाईंना सलाम सांग, छकुलीला गोड पापा.

परवा फोनवर तू म्हणालास, "पप्पा, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायचा, कधी चुकवला नाही, एकवीस दिवस उपास-प्रार्थना केली, तरी कंपनीनं काढलंच. आता कोणत्या तोंडानं मंडळीत, चर्चमध्ये जाऊ?" वर कोणीतरी तुला सांगितलं की तुझा विश्वास कमी पडला. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तुझी आई शेजारी उभी होती, आणि जे सांगायचं होतं ते तिच्यासमोर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून आज लिहायला बसलो. बाहेर पुन्हा भुरभुर चालू आहे. सोयाबीन सप्टेंबरात पाण्याखाली गेलंच, नव्या मोसंबीची फळगळही थांबेना. पण मला आज या पावसाबद्दल लिहायचं नाही. २०१३च्या उन्हाळ्याबद्दल लिहायचंय, जो तू पाहिला नाहीस.

तू तेव्हा औरंगाबादेत होस्टेलवर होतास, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. सुटीत आलास तेव्हा बागेच्या जागी मोकळं रान दिसलं, आणि मी एवढंच म्हणालो, "जुनी झाली होती, काढली." ते खरं नव्हतं. १९९९च्या पावसाळ्यात लावलेली तीन एकर मोसंबी, सव्वातीनशे झाडं, चौदाव्या वर्षात ऐन भरात होती. २०१२चा पावसाळा कोरडा गेला. जालना शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव आटला, मग आपल्या विहिरीची काय कथा. डिसेंबरातच तळ दिसला. दोन बोअर घेतले, दोन्हीतून नुसता फुफाटा निघाला. मग टँकर विकत घेऊन आळ्यांत पाणी ओतलं, झाडामागं दोन-दोन बादल्या. पाचटाचं आच्छादन केलं, फांद्या छाटल्या, बैल चारा छावणीला नेऊन बांधले. मार्चात पानं कडेनं वळायला लागली. एप्रिलात खोडाची साल तडकली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी लाकूडवाल्याला बोलावलं. जिच्या एकेका फळाला आपण हातानं तोलून बघायचो, ती बाग सरपणाच्या भावानं गेली.

आता जे लिहितो ते तुझ्या आईलाही मी उशिरा सांगितलं. त्याआधी काही वर्षं मंडळीच्या एका सभेत मी साक्ष दिली होती, म्हणजे देवाबद्दलचा अनुभव सांगितला होता. तुला आठवत असेल, तू पुढच्या सतरंजीवर बसला होतास. मी म्हणालो होतो, मोसंबीला बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी जमिनीत त्याहून जास्त पाणी तोडायचं, झाड सुकल्यासारखं दिसतं, आणि मग पाणी दिलं की फुलांनी लखडून जातं. देवही आपल्याला असाच ताण देतो. लोकांनी हालेलूया म्हटलं. मला फार बरं वाटलं होतं.

बाळा, ते बोलणं खोटं नव्हतं, पण मी ते फार स्वस्तात बोललो होतो. ताण कधी तोडायचा हे शेतकऱ्याला कळावं लागतं. दिवस उलटले की झाड फुलत नाही, मरतं. २०१३ला माझ्या डोळ्यांसमोर सव्वातीनशे झाडांचा ताण कोणीच तोडला नाही, आणि माझी साक्ष माझ्याच घशात अडकली. म्हणून तुला कोणी सांगायला आलं की तुझी नोकरी गेली हा देवाचा ताण आहे, यातून बहार येणार, तर त्याचा राग करू नकोस, पण ते लगेच उराशीही धरू नकोस. असेलही तसं. पण ते म्हणायचा हक्क फक्त ज्याचं झाड वाळतंय त्याला आहे, आणि तोही मागं वळून बघताना.

आणि विश्वास कमी पडला म्हणणाऱ्याला बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला शिलोहाचा बुरूज दाखव. तो पडून अठरा माणसं मेली, आणि येशूनं विचारलं, ती काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांहून जास्त पापी होती? उत्तरही त्यानंच दिलं, नाही. १९९३ला ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं झोपेतच दगडांखाली गेली. नंतर आपल्याच ओसरीवर एक पाहुणा म्हणाला, तिथलं पाप भरलं होतं. तुझ्या आजीनं त्याच्या पुढ्यातला चहा उचलला नाही, पण त्याला जी ती बोलली, तशी मी तिला आयुष्यात पुन्हा कधी ऐकली नाही. "शिलोहाचा बुरूज वाचला न्हाई का तुमी? लेकरं व्हती त्या घरांत."

त्या उन्हाळ्यात मी देवाशी सौदा करत होतो. मनातल्या मनात रोज एकच वाक्य. जर तू पाऊस पाडलास, तर पहिल्या बहाराचं सगळं उत्पन्न मंडळीच्या इमारतीला देईन. जर ही बाग वाचवलीस, तर... या जर-तरवर मी पस्तीस वर्षं ख्रिस्ती म्हणून जगलो होतो आणि तोच विश्वास आहे असं समजत होतो. पाऊस आला नाही, तेव्हा करार मोडल्यासारखं झालं. दशांशाचा हिशेब लिहिलेली वही मी एकदा रागानं उघडून बसलो होतो, जणू त्याच्याकडून वसुली करायची आहे. तुझं परवाचं वाक्य ऐकलं आणि मला ती वही आठवली. म्हणून तुला रागावावंसं वाटलं नाही.

झाडं तोडून नेली त्या रात्री मी रानातच बसून राहिलो. जिवाचं काही बरंवाईट करावं असा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता. आपल्या भागात त्या वाटेनं किती घरांतली माणसं गेली हे तुला माहीत आहे. मीही त्या वाटेच्या तोंडाशी बसलो होतो, रोज कौटुंबिक प्रार्थना घेणारा माणूस. आजी कंदील घेऊन अंधारात बांधावरून आली. पंच्याहत्तरीची बाई. फडक्यात दोन भाकरी, पिठलं, आणि एक तांब्या पाणी. वचन नाही, उपदेश नाही. म्हणाली, "जेव आदी. रडायचं तं जेवून रड." मी जेवलो. ती शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "आता झोप इथंच, मी बसते." मी बुंध्यांच्या रांगेत आडवा झालो आणि महिन्यानंतर पहिल्यांदा गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी बायबलातल्या पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढला. एलीया संदेष्ट्याचा. त्याआधीच्याच अध्यायात त्याच्या प्रार्थनेनं कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलाय, तीन वर्षांच्या दुष्काळानंतर पाऊस पडलाय. म्हणजे त्याचा जर-तर पुरा झाला होता! आणि तरी पुढच्याच पानावर तो ईजबेल राणीच्या धमकीनं पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा, पुरे झालं, माझा प्राण घे. पाऊस पडल्यानंतर म्हणतोय हे, लक्षात घे. मला ते वाचून कसंसंच झालं. मी समजत होतो की पाऊस पडला असता तर माझा विश्वास टिकला असता. आणि देव त्याला काय म्हणतो? एक शब्द रागाचा नाही. दूत त्याला शिवतो, ऊठ, खा. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा दूत येतो, पुन्हा खाऊ घालतो, म्हणतो, वाट तुला जड जाईल. मग तो चाळीस दिवस चालतो. तुझी आजी दुसरी इयत्ता शिकलेली, तिनं ते वचन जसंच्या तसं केलं होतं, मला न सांगता.

तिच्या विश्वासाची जात माझ्याहून वेगळी होती, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. १९७२चा दुष्काळ तिनं खडी फोडून काढला होता, कडेवर मूल घेऊन. त्याच्याआधीचं एक लेकरू तिनं तापानं गमावलं होतं. ती देवावर रुसायची, मी ऐकलंय. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र ती मला वाचायला लावायची, जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटची ओळही अंधाराचीच. मी विचारलं, "माय, हे काहून वाचायचं?" तर म्हणाली, "देवानं पुस्तकात ठेवलं ना? मग तक्रार त्यालाच सांगायची." वधस्तंभावर प्रभूनंही हेच केलं ना? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे शब्द बाविसाव्या स्तोत्राचे. टाकून दिल्यासारखं वाटतानाही त्यानं हाक देवालाच मारली, तीही "माझ्या" म्हणून.

दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात ते तिघं, शद्रख, मेशख, अबेद्नगो, भट्टीपुढं उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढं वाकणार नाही. संडेस्कूलमध्ये आपण मुलांना भट्टीत टाकल्यावर त्यांच्यासोबत दिसलेला चौथा माणूस दाखवतो, त्या "तरीही"वर थांबतच नाही. आणि हबक्कूक संदेष्टा! बाबेलचे खाल्दी लोक चालून येणार हे दिसत असताना तो लिहितो की अंजीर फुलला नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरामध्ये आनंद करीन. मला हा माणूस आपल्याच शिवारातला वाटतो. अंजिराच्या जागी मोसंबी घाल, गोठा तर रिकामाच होता. आजी मला म्हणाली होती, "तुझं समदं जर-तर हाय. याचं बघ, जरी-तरी हाय." दुसरी शिकलेल्या बाईनं व्याकरणाच्या दोन शब्दांत मला ते सांगितलं जे मी एवढ्या सभांत ऐकलं नव्हतं.

हे असं लगेच येत नाही बरं. पंडिता रमाबाईंचंच बघ. ऐन तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ला इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढं त्यांनी स्वतःच लिहिलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं लागली. एवढी विद्वान बाई हे मान्य करते, तर मला पस्तीस वर्षं लागली याची लाज कशाला वाटू? आणि शेवटी, १९२१ला ती मनोरमाही गेली, जिच्या हाती केडगावच्या मुक्ति मिशनाचं, निराधार बायकांच्या आश्रमाचं सगळं काम सोपवायचं होतं ती एकुलती मुलगी. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यांनी ते काम टाकलं नाही. १९२२ला त्या प्रभूमध्ये निजल्या आणि ते बायबल त्यांच्यामागं मुक्ति मिशनातून छापून बाहेर आलं. मुलीला माती दिलेल्या हातांनी त्यांनी पवित्र शास्त्राचं काम पुढं नेलं, याचा मी कधीकधी रात्री विचार करत पडतो. त्यांनाही रडू आलंच असेल.

धैर्य म्हणजे छाती काढून चालणं असं मला पूर्वी वाटायचं. त्या उन्हाळ्यात माझं धैर्य एवढंच होतं की दुसऱ्या दिवशी मी उठलो, छावणीवर जाऊन बैलांना पाणी पाजलं, आणि ज्याची बाग माझ्याआधी तुटली होती त्या शेजाऱ्याच्या ओट्यावर तासभर गप्प बसून आलो. तो वारकरी, गळ्यात माळ. आम्ही दोघं एकही शब्द बोललो नाही, पण त्यानंतर त्याच्या घरचे मला दादा म्हणायला लागले. आजीनं त्याही वर्षी रोज दळणातली मूठभर ज्वारी बाजूला काढणं सोडलं नाही. आम्हालाच पुरत नव्हती. मी ओरडलो तर म्हणाली, "आपल्याहून रिकामं घर हाय गावात." पौलाला प्रभू म्हणाला ना, "माझी कृपा तुला पुरे आहे." ते "पुरे" मला त्या मुठीत दिसलं. भरून उरलं नाही, पण पुरलं.

नोकरी मिळावी म्हणून आम्ही इथं रोज मागतोय, तूही माग, त्यात कमीपणा नाही. मिळेल कधी, मला ठाऊक नाही. तोवर पत गेली म्हणून मंडळी सोडू नकोस. मागच्या बाकावर बस. गाता आलं नाही तर शेजारचे गातात ते ऐक, तुझ्या वाटचं ते गातील. प्रभुभोजनाला हात पुढे करताना मनात काही आलं नाही तरी चालेल, भाकर हातात येते की नाही एवढं बघ. आणि माझ्या त्या रात्रीसारखी रात्र आली तर मला फोन कर. किती वाजलेत हे बघू नकोस. मी उचलीन, आणि उपदेश करणार नाही.

हप्त्यासाठी दहा हजार तुझ्या खात्यावर टाकलेत. परत करायची भाषा नको. आजीचं बायबल पाठवतोय. हबक्कूकच्या पानात एक पिवळी पावती आहे, ती काढू नकोस. लाकूडवाल्याची आहे, आजीनंच ठेवलेली. सोबत ज्वारीचं पीठ आणि तुझ्या आईनं केलेली शेंगदाण्याची चटणी. शुक्रवारी रात्रीच्या पुण्याच्या गाडीत ठेवतो, ड्रायव्हरचा नंबर तुला पाठवतो. शनिवारी सकाळी स्टँडवर जाऊन घे, आणि पीठ लवकर वापर, पावसाची हवा आहे.

तुझे,
पप्पा