पेनिसिलिनची अभियंता

आपल्या रविवार पुरवणीतील पेनिसिलिनवरचा लेख आवडला. पण तो पेनिसिलिनचे शोधकर्ते फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांच्यापाशीच थांबला, ही मोठी उणीव आहे. औषध प्रयोगशाळेत सापडणे आणि ते कारखान्यात बनवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ज्या बुरशीपासून पेनिसिलिन मिळते, ती सुरुवातीला बाटल्यांत, उथळ भांड्यांत वाढवत. औषध इतके थोडे मिळे, की १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या पहिल्या रुग्णाच्या लघवीतून ते परत काढावे लागले आणि तरीही तो वाचला नाही. मार्ग निघाला तो खोल टाक्यांतील किण्वनाचा, म्हणजे बुरशी द्रवात बुडवून वाढवण्याचा. हजारो लिटर द्रव ढवळत ठेवायचा, त्यात निर्जंतुक हवा सोडत राहायचे. परका जंतू शिरला, की सगळी टाकी वाया! अशा पहिल्या व्यापारी कारखान्याच्या रचनेचे श्रेय मार्गारेट हचिन्सन रूसो यांना दिले जाते. १९३७ मध्ये एमआयटीतून रसायन अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या स्त्री. तिथल्या रसायन अभियंत्यांच्या संस्थेने पहिली स्त्री सदस्य म्हणून त्यांना घेतले ते १९४५ साली, म्हणजे युद्धातील जखमींपर्यंत पेनिसिलिन पोहोचल्यानंतर. त्याच वर्षी नोबेल मिळालेली तीन नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे महाराष्ट्राला पेनिसिलिनचा कारखाना नवा नाही. अभियांत्रिकीला जाणाऱ्या आपल्या मुलींसाठी तरी पुरवणीने रूसो यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक रसायन अभियंता, डोंबिवली